शक्ती त्यांची, दोरी आमची

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "सिनेमातल्या कामाच्या आठवणी लिहा." मी लगेच हो म्हटलं. बिचाऱ्यांना वाटलं असेल, हा माणूस नट्यांबद्दल काहीतरी चुरचुरीत लिहील. नट्यांबद्दल मला काहीही ठाऊक नाही. मी त्यांना फक्त मागून पाहिलंय, आणि तेही त्यांच्या पाठीला तार अडकवताना.

माझं नाव सगुण. गोव्यात सुर्लाच्या एका खाणीवर मी वर्कशॉपात फिटर होतो. माझा जोडीदार बाबी. (हे खरं नाव नव्हे. पण आमच्या कारापुरात कोणाला ओळखायचं असेल तर ओळखू दे.) बाबी दोडामार्गाकडून पोटासाठी खाणीवर आला, इथेच घर बांधून राहिला आणि आयुष्यभर विंचच्या दुसऱ्या बाजूला माझ्यासमोर उभा राहिला. विंच म्हणजे वायर रोप गुंडाळायचं यंत्र. जड वस्तू ओढायची किंवा उतारावर धरून ठेवायची ती त्याने.

तर या बाबीने शिमग्यानंतर रक्तदाबाची गोळी बंद केली. डॉक्टरने त्याच्या बायकोला स्पष्ट सांगितलं, "असंच चाललं तर एक दिवस चहाचा कप हातात असताना आडवे होतील." गोळी का बंद केली? तर ओजसगुरूंनी सांगितलं म्हणून. आणि ओजसगुरूंना गुरू कोणी केलं? आम्ही. मी आणि बाबीने. तेच सांगायला बसलोय.

खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या हातांना काम उरलं नाही. पण बंद खाण सिनेमावाल्यांना भारी आवडते. अर्धा कापलेला लाल डोंगर, खाली खड्ड्यात साठलेलं हिरवं पाणी. त्यांना तो परग्रह वाटतो. "साहेब, इथे आमच्या आजोबांच्या काजी होत्या, काजूची झाडं," असं सांगितलं की ते म्हणतात, "वा, काय लूक आहे!" एकदा अशाच एका शूटिंगची गाडी चिखलात रुतली. आम्ही दोघांनी विंच लावून ती बाहेर काढली, आणि तिथून आमचा सिनेमात प्रवेश झाला.

आमचं काम सोपं आहे. पडद्यावर जे आपोआप होतं ते आम्ही करतो. भूत दार उघडतं, तेव्हा दाराच्या मागे बाबी असतो. हलकी वस्तू असली, पेला किंवा पुस्तक, तर मासे धरायची नायलॉनची तंगूस लावायची आणि तिला काजळी फासायची, म्हणजे चमकत नाही. कदेल, म्हणजे तुमची खुर्ची, माणसासकट उडवायची असली तर पोलादी तार आणि कप्पी. मोटारगाडी असली तर विंच. उरलीसुरली तार हल्ली कॉम्प्युटरवर पुसून टाकतात. आमच्या धंद्यात चांगलं काम म्हणजे ते कोणाला दिसता कामा नये. त्यामुळे आपण काय करतो हे बायकोलासुद्धा पटवून देता येत नाही. माझी बायको आजपर्यंत पाहुण्यांना सांगते, "ते सिनेमात असतात, पण दिसत नाहीत." मग पाहुणे माझ्याकडे दयेने बघतात.

ज्या पिक्चरची ही गोष्ट आहे तो मनशक्तीचा होता. एक शास्त्रज्ञ पाच माणसांना खाणीतल्या प्रयोगशाळेत कोंडून ठेवतो. ही माणसं नुसती बघून यंत्र थांबवतात, समोरच्याचं डोकं फोडतात. त्यातला एक सुटतो आणि मग सगळ्यांची डोकी फुटतात, अशी कथा. मराठीत असा भयंकर पिक्चर कधी झाला नाही, असं दिग्दर्शक रोज सकाळी सांगायचे. सुटणारा माणूस म्हणजे आमचा हीरो, ओजस. मालिकेत गुणी जावई करून करून कंटाळलेला. दिसायला देखणा, वागायला नम्र. सुरुवातीला तर मला "काका, चहा घेतला का?" विचारायचा. वाईट माणूस नव्हता हो, हे मी आजही सांगेन.

डोकी मी फोडायचो. मेणाचं डोकं, आत भिरंडेचं, म्हणजे कोकमाचं, आगळ, मैदा आणि किसलेलं बीट. मेंदूसाठी भिजवलेले उंडे, म्हणजे आमचे गोल पाव. टिपरच्या, म्हणजे खाणीचा माल वाहायच्या ट्रकच्या, हवेच्या टाकीतून नळी आत सोडायची आणि कॉक उघडायचा, की फाट्! पहिलं डोकं इतकं सुंदर फुटलं की मेकअपवाल्या बाईंना ओकारी झाली. माझी छाती फुगली. दुसऱ्या डोक्याच्या वेळी सगळं शांत, हीरोचे डोळे लाल, कॅमेरा हळूहळू पुढे सरकतोय, आणि मागच्या रस्त्यावरून पदेराने सायकलचा भोंगा वाजवला, पों पों! पाववाल्याला काय ठाऊक इथे शास्त्रज्ञ मरतोय ते? दिग्दर्शक ओरडले, "कोण तो? थांबवा त्याला!" आमच्या माणसांनी थांबवलं आणि सगळ्यांसाठी गरम उंडे घेतले.

गावातले लोक बघायला यायचे, पण घाबरायचं कोणी नाव घेत नव्हतं. एक म्हातारी दोन तास टक लावून बघत बसली. मी विचारलं, "काय मावशी, कसं वाटलं?" ती म्हणाली, "आमच्या देवळात अंगात भार येतो तेव्हा चार माणसांना धरावं लागतं. याला तर कोणी धरलंच नाही!"

आता मुख्य गोष्ट. आमची दोरीवाली टोळी पाच जणांची. मी सोडून सगळे पेडणे नाहीतर सिंधुदुर्गाकडचे. कामाला हात लावण्याआधी बाबी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने बोलणं. एकाने बोलायचं, त्याने श्वास घेतला की बाकीच्यांनी हुंकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां दोरयेक हात लावतत. तेंच्या हाताक जखम करू नको, दोरी तुटू देव नको, आणि कोणाची वायट नजर पडली तर ती ह्या डोंगराच्या पलीकडे धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आमची ओढायची खूणसुद्धा हीच. खाणीत इंजिनाच्या आवाजात शिट्टी ऐकू यायची नाही. म्हणून बाबी काहीतरी बोलायचा आणि 'म्हाराजा'वर सगळे एकदम ताकद लावायचे. वर्षानुवर्षं असं केल्यावर हे डोक्यात राहत नाही, थेट हातात उतरतं.

त्या दिवशी सीन असा होता. हीरो पिंजऱ्यातून सुटून शास्त्रज्ञासमोर उभा राहतो, लांबलचक शाप देतो, शास्त्रज्ञ उठून माफी मागतो, परत बसतो आणि मग कदेलीसकट मागे उडतो. आम्ही पाच जण पडद्यामागे दोरी धरून उभे. काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. सहायक खांद्यावर थाप मारील तेव्हा ओढायचं, असं ठरलेलं. ओजसने सुरू केलं, आणि खरं सांगतो, मेल्याचा आवाज छान लागला होता.

"जो कोणी माझ्या वाटेत उभा राहील, त्याचं मस्तक शंभर ठिकाणी फुटेल! जो कोणी माझ्याकडे वाकड्या नजरेने बघेल, त्याच्या नजरेची राख होईल! आणि ज्या कोणी मला या पिंजऱ्यात कोंडलं, त्याचं नाव या पृथ्वीवरून पुसलं जाईल!"

एवढं बोलून त्याने श्वास घेतला.

"व्हय म्हाराजा!"

पाच गळे आणि दहा हात. कदेल सुटली ती थेट मागच्या गाद्यांत. शास्त्रज्ञाचं काम करणारे जुने नाटकवाले होते. गाद्यांच्या ढिगाऱ्यातून त्यांचा आवाज आला, "माझं वाक्य राहिलं!"

दिग्दर्शकांनी डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली. आम्ही मान खाली घालून बाहेर आलो. ओजस मात्र रागावला नाही. तो पांढराफटक पडला होता. बाबीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काका, तुम्हाला असं म्हणायला कोणी सांगितलं?"

बाबी लाजला. म्हणाला, "कोणी नाय, साहेब. तोंडातसून आपसूक येवन गेला."

"आणि ओढलं का?"

"हातानी ओढल्यानी. आमी नाय."

काय बोलायचं कुठे याला काही सुमार? बाबीला म्हणायचं होतं सवयीने ओढलं. ओजसने ऐकलं ते वेगळंच. पाच धट्टीकट्टी माणसं, माझ्या आवाजासरशी, त्यांना नको असताना! त्या दिवसापासून त्याचा चहा मागायचा सूरच बदलला. चहावाल्याला हाक मारायची सोडून तो त्याच्याकडे टक लावून बघायला लागला. चहावाला चहा आणायचाच, तेच त्याचं काम. ओजस मान डोलावून वहीत काहीतरी टिपून ठेवायचा. पेला सरकला, टीप. दार आपटलं, टीप. दाराच्या मागे बाबी तंबाखू मळत उभा असायचा. पण दिग्दर्शकांचा नियम होता की हीरोला तारा दाखवायच्या नाहीत, नाहीतर अभिनयातला खरेपणा जातो. बाबी रोज हसायचा. "मेल्याक खूळ लागला हा, फिटर. जावईच बरो होतो."

शेवटचा सीन टिपरचा. भरलेला टिपर उतारावरून सुसाट येतो आणि हीरो नजरेने तो थांबवतो. गाडी भंगारातली, इंजिन काढलेलं. अशा गाडीत हवा नसली की मागचे ब्रेक आपोआप आवळून बसतात, म्हणून ते आम्ही मुद्दाम मोकळे करून ठेवले होते. स्टीअरिंग सरळ बांधलेलं. म्हणजे गाडीला थांबवणारी एकच वस्तू, मागच्या आसाला लावलेली आमची वायर रोप. दोन दिवस तालमी झाल्या. ओजस हात पुढे करायचा, "थांब!" म्हणायचा, मी वॉकी-टॉकीवर सांगायचो, बाबी वर डोंगरामागे विंचचा ब्रेक दाबायचा, गाडी थांबायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओजस म्हणाला, "आज दोरी नको. तिच्यामुळे माझी शक्ती अडते."

मी दिग्दर्शकांकडे बघितलं. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "सर इतक्या आत्मविश्वासाने म्हणतायत तर… असा शॉट जगात कोणी घेतलेला नाही."

मी म्हटलं, "साहेब, शॉट एकदाच घेता येईल."

"सगुणकाका, निगेटिव्ह बोलू नका."

आणि वर ओजसने सगळ्यांचे वॉकी-टॉकी बंद करायला लावले. लहरींचा त्रास होतो म्हणे. मी डोंगर चढून बाबीकडे गेलो. तो ऐकतच राहिला. म्हणाला, "आता रे?"

"आता काय? दोरी काढली म्हणून सांगायचं."

"आणि काढूची नाय?"

"तो मेला तर त्याची आई कोणाकडे बघेल? शक्तीकडे?"

आम्ही दोरी चर खणून लाल मातीत पुरली. वरून झाडू मारला. खाली येऊन मी सांगितलं, "काढली, साहेब." आयुष्यात कामाच्या बाबतीत मी एवढंच एक खोटं बोललो. वॉकी-टॉकी नाही, बाबीला खालचं काही दिसणार नाही. आता भिस्त त्याच्या कानांवर. ओजस "थांब!" म्हणाला की त्याने ब्रेक दाबायचा.

गाडी सुटली. ओजस हात पुढे करून उभा. तालमीत तो जिथून ओरडायचा तिथे गाडी आली, आणि हा गप्प! डोळे मिटून मनातल्या मनात थांबवतोय! गाडी पंधरा हातांवर, बारा, दहा. मी बोंब मारली, अक्षरशः बोंब, "बाबी, म्हाराजाऽऽ!"

वरून आवाज आला की नाही ते आठवत नाही. गाडीच्या मागच्या धुरळ्यात दोरी मातीतून सापासारखी वर उसळली, ताणली, आणि टिपर ओजसच्या छातीपासून हातभर अंतरावर उभा राहिला. धुरळा खाली बसला तेव्हा त्याने डोळे उघडले. समोरच्या बंपरवर हात ठेवला. सगळं युनिट टाळ्या वाजवत होतं, आणि तो रडत होता.

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. माझी चूक तीच. त्याला हाताला धरून मागे न्यायला हवं होतं, दोरी दाखवायला हवी होती, ब्रेकच्या दांड्याने सोललेल्या बाबीच्या तळव्यांकडे बोट करायला हवं होतं. मी काय केलं? मी दोरीवर माती लोटली. एकदा "काढली" म्हणून सांगितलं होतं ना! खोटं पकडलं गेलं तर पुढचं काम मिळणार नाही, ही भीती. आणि खरं सांगायचं तर, सगळे टाळ्या वाजवत असताना आपणच कशाला मध्ये तोंड घालायचं, असंही वाटलं. याची मला आजही लाज वाटते.

पिक्चर पडला. लोक डोकी फुटताना हसले म्हणे. ओजसने सिनेमा सोडला आणि दाढी वाढवली. आता मोरजीच्या बाजूला किनाऱ्यावर त्याची शिबिरं भरतात. तो टिपरचा तुकडा मोबाईलवर फिरतो. 'विना दोरी, विना यंत्र.' माझी बोंब त्यातून काढून टाकलीय, तिच्या जागी बासरी.

बाबीच्या सुनेने त्याला मोबाईल घेऊन दिला, तिथून बिघडलं. आधी तो व्हिडिओ बघून हसायचा. मग गप्प बसून बघायला लागला. मग शिबिराला जाऊन आला. तिथे गुरूंनी त्याला ओळखलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गोळी म्हणजे भीती. तुम्हाला कसली भीती?" झालं!

त्याची बायको सुमती माझ्या दारात येऊन रडली. "भावोजी, हे माजा आयकनत नाय. तुमीच काय तां सांगा."

मी गेलो. बाबी पडवीत बसला होता. चेहरा लालबुंद, कानशिलावरची शीर टच्च फुगलेली. मी म्हटलं, "बाबी, खुळा झालास? दोरी तू धरलेलीस! तुझ्या हाताची सालं मी काढलीत!"

"व्हिडिओत दोरी दिसता खंय?"

"अरे, ती मातीत होती! आपण पुरली!"

त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. माझ्या घरचे पाहुणे बघतात तसंच.

"फिटर, दोरी मी धरलंय, ह्या खरा. पण धरूची बुद्धी माका कोणी दिली? तुका पुरूची बुद्धी कोणी दिली? साहेब थंय उभे रवान आपल्याकडसून करून घेयत होते. तुका अजून कळूक नाय?"

मी फिटर माणूस. याला पाना कुठला लावायचा? दोन आठवडे मी रोज गेलो, भांडलो, एकदा तर शिवी घातली. तो हसायचा आणि गोळी काही घ्यायचा नाही. मग एका सकाळी सुमती म्हणाली की पहाटे उठताना तो भिंत धरून उभा राहिला होता, त्याला काही दिसत नव्हतं. मी अंगणात थोडा वेळ थांबलो. मग आत जाऊन डोळे मिटून त्याच्यासमोर बसलो.

"बाबी, आज न्हाताना डोक्यात आवाज आला."

"कोणाचो?"

"साहेबांचा."

तो ताठ बसला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, बाबीची परीक्षा संपली. गोळीत आता मी शक्ती घातलीय. त्याला सांग, रोज एक."

सुमती दारात हाताची घडी घालून उभी. बाबीने माझा चेहरा नीट न्याहाळला. चाळीस वर्षं ओळखतो तो मला, मी खोटं बोलतो तेव्हा माझा डावा डोळा लवतो हे त्याला माहीत आहे. तो लवलाच असणार. पण बाबीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुकाच बरो सांगल्यानी," तो म्हणाला. "गोळी हाड गे," आणि त्याने सुमतीकडे हात पुढे केला.

त्याला पाच महिने झाले. रक्तदाब खाली आला, डॉक्टर खूश, सुमती खूश, ओजसगुरूंची कीर्ती आणखी वाढली. मी रोज सकाळी सातला जातो, डोळे मिटतो, निरोप देतो. मध्ये मला ताप आला, दोन दिवस गेलो नाही, तर याने दोन दिवस गोळी घेतली नाही. निरोपच आला नव्हता ना!

हा लेख मी लिहायला घेतला तो मोठ्या हौसेने. टिपर कोणी थांबवला ते एकदा छापून यावं, नाव लागावं, बायकोला दाखवावं. आता छापून येतंय. बाबी स्वतः वाचत नाही, त्याला अक्षरांचा कंटाळा. पण कारापूर लहान आहे, साखळीच्या बाजारात हा अंक लटकणार, आणि कोणी ना कोणी त्याला वाचून दाखवायला जाईल. तेव्हा वाचकहो, एक विनंती. बाबी तुमच्याकडे आला आणि त्याने विचारलं, तर सांगा, दोरी नव्हती.